तांबी असताना दिवस गेले. आता ती काढायची की राहू द्यायची?

“माझं वय ३१ आहे. मुलगी चार वर्षांची. ती वर्षाची झाल्यावर तांबी बसवून घेतली होती. कधी काही त्रास झाला नाही. या वेळी पाळी चुकली म्हणून घरी तपासलं तर दोन रेघा आल्या. हिशेबाने सातवा आठवडा चालू आहे. डॉक्टरांनी आतून तपासलं. म्हणाल्या, दोरे दिसताहेत, सोनोग्राफी करून तांबी काढून टाकू. पण काढताना गर्भ पडण्याची शक्यता असते, असंही म्हणाल्या आणि सही लागेल म्हणून सांगितलं. मी घाबरले आणि ‘विचार करून येते’ म्हणून घरी आले. आम्हाला हे मूल हवं आहे. सासूबाई म्हणतात, अजिबात हात लावू नको, त्यांच्या माहितीतल्या एकीला तांबी असताना धडधाकट मुलगा झाला. आईला वाटतं, तांबं बाळाच्या अंगात भिनेल, नाहीतर तांबी बाळाला टोचेल. यांनी फार काही म्हटलं नाही, पण एकदा विचारलं, ‘तांबी होती ना, मग असं कसं झालं?’ ते मला फार लागलं. माझं काही चुकलं का? काढू की राहू देऊ?”

ताई,

तुमचा प्रश्न काढायची की ठेवायची असा आहे. पण त्याच्याही आधीची एक गोष्ट राहून गेली आहे. सोनोग्राफी झालेली नाही. ती आधी करा, उद्याच करा. गर्भ नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय तांबीबद्दलचा कुठलाच निर्णय घेता येत नाही.

याचं कारण असं. तांबीचा परिणाम गर्भपिशवीत सर्वांत जास्त असतो. त्यामुळे ती असताना दिवस जाणंच मुळात दुर्मीळ, आणि म्हणून तांबी वापरणाऱ्या बायकांमध्ये नळीत (पिशवीला जोडलेल्या बीजनलिकेत) गर्भ राहण्याचं एकूण प्रमाण काहीच न वापरणाऱ्यांपेक्षा कमी आहे. पण तांबी असूनही दिवस गेलेच, तर तो गर्भ पिशवीऐवजी नळीत असण्याची शक्यता एरवीच्या गर्भारपणापेक्षा कितीतरी जास्त असते. मिरेनासारखी हार्मोनवाली तांबी असेल तर अशा गर्भधारणांपैकी जवळपास निम्म्यापर्यंत नळीतल्या असू शकतात. तुमची साधी, तांब्याची आहे. तिच्यात हे प्रमाण त्याहून बरंच कमी. तरीही तपासल्याशिवाय राहावं इतकं कमी नाही.

सातव्या आठवड्यात आतून केलेल्या सोनोग्राफीत पिशवीतला गर्भ दिसायला हवा, बहुतेक वेळा ठोकेही दिसतात. सोनोग्राफीत गर्भ दिसलाच नाही, तर रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गर्भारपणाचं हार्मोन, तपासतात आणि ४८ तासांनी पुन्हा बघतात. तो आकडा कसा चढतो यावरून बरंच कळतं. नळीतला गर्भ लवकर सापडला तर काही वेळा मेथोट्रेक्सेट या गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनवर भागतं, नाहीतर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी लागते. उशीर झाला तर नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. तेव्हा प्रश्न आईच्या जिवाचा असतो. म्हणून सोनोग्राफी होईपर्यंत एवढं लक्षात ठेवा: पोटात खाली एका बाजूला दुखायला लागलं, खांद्याच्या टोकाशी दुखलं, चक्कर आली, घाम फुटून अंग गळून गेलं, तर उद्याची वाट पाहायची नाही. अंगावरून जात नसलं तरीही. रात्र असली तरी सरळ मोठ्या रुग्णालयात जायचं आणि दारातच सांगायचं, “मला दिवस गेलेत आणि आत तांबी आहे.” या एका वाक्याने तिथल्या माणसांचे हात भरभर चालतात.

आता धरून चालू की गर्भ पिशवीत आहे, ठोके आहेत, तांबी खालच्या बाजूला आहे आणि दोरे बाहेर दिसताहेत. मग माझं उत्तर स्पष्ट आहे. काढून घ्या, आणि याच आठवड्यात घ्या. तुम्हाला मूल हवं आहे, म्हणूनच काढून घ्या.

हे ऐकायला उलटं वाटतं, याची मला जाणीव आहे. ज्याला हात लावल्याने गर्भ पडू शकतो असं डॉक्टर स्वतःच म्हणतात, त्याला हात का लावायचा? इथे तुलना कशाशी करायची, हे नीट बघायला हवं. ‘काढताना धोका’ आणि ‘न काढल्यास धोका नाही’ असे दोन पर्याय असते तर सासूबाईंचं म्हणणं मीही मान्य केलं असतं. पण दुसरा पर्याय तसा नाहीच. तांबी आत ठेवून पुढे गेलेल्या गर्भारपणात गर्भपाताचं प्रमाण शंभरात ४० ते ५० च्या आसपास सापडलेलं आहे. लवकर काढली तर ते उतरून साधारण शंभरात २५ च्या आसपास येतं. पूर्ण शून्यावर येत नाही. तांबी नसलेल्या गर्भारपणातही दहापासून वीस टक्क्यांपर्यंत गर्भ आपोआप पडतात, आणि तांबी होती त्यांना थोडा जास्त धोका राहतो. म्हणजे निवड दोन धोक्यांमधली आहे, आणि त्यातला लहान कोणता हे पुरेसं स्पष्ट आहे.

शिवाय ठेवण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत संपत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ पडणं, पाणमोट वेळेआधी फुटणं, कळा लवकर येऊन बाळ अपुऱ्या दिवसांचं होणं, वार वेळेआधी सुटणं, आणि आत जंतुसंसर्ग होणं, हे सगळं तांबी राहिलेल्या गर्भारपणात जास्त दिसतं. सातव्या आठवड्यातलं नुकसान मोठंच असतं, पण पाचव्या महिन्यात, बाळाची हालचाल कळायला लागल्यावर ताप भरून गर्भ जाणं हे बाईच्या शरीरालाही मोडून टाकणारं असतं.

संसर्गाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ‘काढा’ हा सल्ला मुळात त्यातून पक्का झाला आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डालकन शील्ड नावाचं गर्भाशयात बसवायचं साधन खूप विकलं गेलं. त्याचा दोरा अनेक बारीक तंतूंचा, पीळ घातलेला आणि वरून आवरण असलेला होता. त्या तंतूंमधल्या फटींतून योनीमार्गातले जंतू वर पिशवीत चढत. ते साधन आत असताना दिवस गेलेल्या काही बायकांना चौथ्या-पाचव्या महिन्यात एकाएकी ताप आला, संसर्ग रक्तात पसरला आणि त्यातल्या काही दगावल्या. १९७४ मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली. आजच्या तांबीचा दोरा एकसंध, एकाच तंतूचा असतो, त्यामुळे तो धोका तेव्हासारखा नाही. पण दोरा खाली योनीमार्गात आणि तांबी वर गर्भाच्या शेजारी, ही रचना आजही तीच आहे. म्हणून दोरे दिसत असताना तांबी मुद्दाम आत ठेवायची नाही, हा नियम जगभरातल्या डॉक्टरांनी धरून ठेवला आहे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच आहे.

आणि घाई का? पिशवी वाढत जाते तसे दोरे वर ओढले जातात. आज पिशवीच्या तोंडाशी दिसणारा दोरा दोन-तीन आठवड्यांनी दिसेलच याची खात्री नाही. एकदा तो आत गेला की पाच मिनिटांचं काम अवघड होऊन बसतं. साधारणपणे १२ आठवड्यांच्या आत काढावी असं म्हणतात, पण १२ वा आठवडा ही शेवटची मर्यादा आहे. तिथपर्यंत थांबून काही मिळत नाही.

काढतात कशी, हे कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. न बघितलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते, म्हणून सांगते. तपासणीच्या टेबलावर झोपायचं, नेहमीच्या आतल्या तपासणीसारखं. भूल लागत नाही. डॉक्टर स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरायचं साधन) घालून पिशवीचं तोंड उजेडात आणतात, जंतुनाशकाने पुसतात. त्या तोंडातून दोन बारीक दोरे बाहेर आलेले असतात, मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीसारखे गुळगुळीत. लांब चिमट्यात ते दोन्ही एकत्र धरायचे आणि सरळ रेषेत, सावकाश, एकसारखं खाली ओढायचं. हिसका द्यायचा नाही. तांबीच्या आडव्या दोन काड्या वरच्या दिशेला मिटतात आणि ती तोंडातून निसटते. त्या क्षणी पाळीत येते तशी एक कळ येते, कधी थोडी जोरात. मग संपलं. बाहेर आलेली तांबी ट्रेमध्ये ठेवून नीट बघतात: दोन्ही काड्या शाबूत आहेत का, दांडीवरची तांब्याची तार पूर्ण आहे का. तुम्हीही बघा. उगीच मनात राहत नाही की तुकडा आत राहिला असेल. हलक्या हाताने ओढून ती येत नसेल तर समजूतदार डॉक्टर तिथेच थांबतात, जोर लावत नाहीत, आणि सोनोग्राफीखाली पुढचं ठरवतात. हे सगळं आधी विचारून ठेवा: “सहज आली नाही तर काय कराल?” या प्रश्नाला शांतपणे उत्तर देणारी डॉक्टर तुम्हाला हवी आहे.

दोऱ्याला घरी हात लावायचा नाही. स्वतः ओढून बघायचं नाही, कुणाकडून ओढून घ्यायचं नाही. तांबी कुठे आहे, वाकडी आहे का, पिशवीच्या भिंतीत रुतली आहे का, हे न बघता ओढणं धोक्याचं आहे.

सहीची भीती वाटली, तेही स्वाभाविक आहे. कागदावर ‘गर्भपात होऊ शकतो’ असं लिहिलेलं बघून सही करणं म्हणजे आपणच परवानगी दिली असं बाईला वाटतं. तसं नाही. तो कागद म्हणजे तुम्हाला खरं सांगितलं गेलं याची नोंद. काढल्यानंतरच्या दिवसांत गर्भ पडलाच, तर ‘काढली म्हणून पडला’ असं घरातले म्हणतील, तुम्हीही मनात म्हणाल. पण तांबी असलेले अनेक गर्भ कुणी हात न लावताही पडतात. तुमच्या बाबतीत कशामुळे झालं, हे कुणालाच सांगता येणार नाही. हे आत्ताच, सही करण्याआधी, घरातल्या सगळ्यांच्या समोर बोलून ठेवा. नंतर दुःखाच्या वेळी दोष वाटत बसण्यापेक्षा हे बरं.

सासूबाई सांगतात ती गोष्ट खोटी नाही, असं मी मानते. तांबी आत राहून पूर्ण दिवसांची, निरोगी मुलं जन्माला आलेली आहेत. वर दिलेले आकडे उलटे वाचले तरी तेच दिसतं: निम्म्याच्या आसपास गर्भ टिकतात. पण टिकलेल्या मुलाची गोष्ट बारशापासून लग्नापर्यंत सांगितली जाते, आणि ज्या बाईचा गर्भ चौथ्या महिन्यात गेला तिची गोष्ट तिच्या खोलीबाहेर येत नाही. सासूबाईंच्या कानावर एकच बाजू आली आहे. त्यांना जमलं तर डॉक्टरांकडे बरोबर न्या. त्या तुमच्या गर्भाला जपताहेत. फक्त त्यांना पूर्ण चित्र कुणी दाखवलेलं नाही.

आईंचं म्हणणं मात्र मी पूर्ण बाजूला ठेवते. बाळ गर्भजलाच्या पिशवीत असतं. तांबी त्या पिशवीच्या बाहेर, गर्भाशयाची भिंत आणि तिच्या मधल्या जागेत असते. ती बाळाच्या अंगाला लागत नाही, टोचत नाही, डोक्यात रुतत नाही. साध्या तांबीमुळे बाळात व्यंग येतं असंही आढळलेलं नाही. बाळाला धोका आहे तो गर्भपाताचा, वेळेआधी जन्मण्याचा आणि संसर्गाचा. तांब्याच्या विषाचा नाही. ‘व्यंग असेल, म्हणून नकोच’ असं कुणी सुचवलं तर ते ऐकू नका. तुमच्या बाकीच्या तपासण्या इतर कुठल्याही गर्भवतीसारख्याच होतील.

हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची परिस्थिती वेगळी असू शकते, म्हणून दोरे दिसत नाहीत तेव्हा काय, हेही लिहिते. दोरे न दिसण्याचे अर्थ अनेक: तांबी कधीतरी नकळत पडून गेली असेल, आणि दिवस जाण्याचं कारणच ते असेल; ती आत जागच्या जागी असून दोरे वर ओढले गेले असतील; किंवा, क्वचित, ती पिशवीची भिंत भेदून पोटात गेली असेल. हे शेवटचं बसवतानाच्या वेळी हजारात एक-दोन वेळा घडतं, अंगावर पाजत असताना आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत बसवली तर जास्त. हे सगळं आधी सोनोग्राफीने शोधायचं असतं. गर्भारपणात एक्सरे सहसा टाळतात. आणि इथे एक ठाम विनंती: दोरे दिसत नसताना पिशवीत आंधळेपणाने हूक किंवा चिमटा घालून चाचपडू देऊ नका. त्याने गर्भाभोवतीची पाणमोट फुटू शकते. अनुभवी हातांनी, सोनोग्राफीवर बघत बघत किंवा अगदी बारीक दुर्बिणीने, सुरुवातीच्या आठवड्यांत अशी तांबी काढता येते आणि त्यात यशही मिळालं आहे. पण तसं कौशल्य सगळीकडे नसतं. ते नसेल, किंवा तांबी गर्भाच्या वर, वारेजवळ असेल, किंवा दिवस पुढे गेले असतील, तर ती आत ठेवून गर्भारपण नेणं हाच अनेकदा शहाणपणाचा मार्ग ठरतो. तेव्हा ‘आता काही खरं नाही’ असं समजायचं नाही. टिकणारे गर्भही पुष्कळ असतात, हे वर सांगितलंच.

अशा बाईची काळजी मात्र वेगळ्या डोळ्यांनी घ्यावी लागते. अंगात ताप, थंडी, पोटात खाली दुखणं किंवा पिशवी दाबल्यावर कळ, अंगावरून घाण वासाचं जाणं, पाणी गेल्यासारखं वाटणं, कळा, रक्त. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. साधा ताप असेल म्हणून गोळी घेऊन झोपायचं नाही. पिशवीत संसर्ग झाल्याचं नक्की झालं तर शिरेतून प्रतिजैविकं सुरू करून पिशवी रिकामी करावी लागते, गर्भाचे ठोके चालू असले तरीसुद्धा. कारण थांबलं तर आई जाते आणि आई गेली तर गर्भही वाचत नाही. हे लिहिताना माझाही हात जड होतो. पण ही वेळ आली तर घरातल्यांनी ‘अजून एक दिवस बघू’ म्हणू नये, म्हणून लिहायलाच हवं.

आणि बाळंतपणात ती तांबी सापडलीच पाहिजे. बहुतेकदा ती वारेबरोबर, पाणमोटीच्या पडद्यांत गुंडाळलेली बाहेर येते. बाळ बघण्याच्या आनंदात कुणी वार तपासत नाही आणि तांबी विसरली जाते. म्हणून प्रसूतीच्या कागदावर आधीच मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायचं. वार आणि पडदे नीट तपासूनही मिळाली नाही, तर बाळंतपणानंतर सोनोग्राफी आणि पोटाचा एक्सरे करायचा. ती कुठे गेली याचं उत्तर मिळाल्याशिवाय फाइल बंद होऊ द्यायची नाही.

एखादीला हे गर्भारपण पुढे न्यायचं नसेल, तर तेही तिने डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं. फक्त गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. तांबी आत असताना त्या द्यायच्या नसतात, आधी ती काढावी लागते. शिवाय गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग नाहीच, आणि होणाऱ्या रक्तस्रावाला ‘गोळीचा परिणाम’ समजून बाई घरी बसून राहते.

आता यांनी विचारलेला प्रश्न. ‘तांबी होती ना, मग असं कसं झालं?’ ताई, तो तुम्हाला का लागला ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला कळलं. त्या प्रश्नाआड संशय असला किंवा नसला, उत्तर एकच आहे: असं होतं. तांबीतून सुटणारे तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, म्हणून गर्भ राहत नाही. हे काम ती फार चांगलं करते, पण शंभर टक्के नाही. पहिल्या वर्षात शंभरातल्या एकीपेक्षाही कमी जणींना दिवस जातात, आणि दहा वर्षं धरली तर शंभरात दोघींच्या आसपास. जगभरात १५ कोटींहून जास्त बायका अशी साधनं वापरतात. या छोट्या टक्क्यांत दर वर्षी किती जणी येत असतील, याचा हिशेब त्यांनीच करून बघावा. अनेकदा तांबी थोडी खाली सरकलेली असते, आणि तिच्या सरकण्याचा तुमच्या कामाशी, वजन उचलण्याशी, संबंधांशी काही संबंध नसतो. दोरे जागेवर असताना ती आत किंचित घसरली आहे हे तुम्हाला घरी कळण्याचा मार्गच नव्हता. तुमचं काहीही चुकलेलं नाही.

हा परिच्छेद यांना वाचायला द्या. आणि उद्याच्या सोनोग्राफीला त्यांना बरोबर घ्या. बाहेर गाडीत नाही, आत. पडद्यावर गर्भाची पिशवी आणि तिच्या खाली तांबीची चकाकणारी रेघ एकाच वेळी दिसते. ते डोळ्यांनी बघितल्यावर ‘कसं झालं’ याचं उत्तर वेगळं द्यावं लागत नाही. तरीही त्यांचं समाधान झालं नाही, तर तो प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारावा, तुम्हाला नाही.

जाताना तांबी बसवल्याचा कागद असेल तर न्या. कोणती होती, कधी बसवली, हे त्यावर असतं. शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर न विचारताही सांगा. निगेटिव्ह रक्तगटाच्या गर्भवतीला काही वेळा द्यावं लागणारं अँटी-डीचं इंजेक्शन लागेल का ते डॉक्टर बघतील. तांबी काढल्यावर एक-दोन दिवस किरकोळ डाग दिसू शकतात. पॅड भिजेल इतकं जाणं, गाठी पडणं, वाढत जाणारी कळ किंवा ताप, यासाठी मात्र लगेच परत जायचं. सगळं शांत असेल तरी आठवड्याभराने पुन्हा सोनोग्राफी करून ठोके बघून घ्या. पुढच्या सगळ्या तपासण्यांत, डॉक्टर बदलले तरी, ‘सुरुवातीला तांबी होती, अमुक आठवड्यात काढली’ हे सांगत राहा. काढल्यानंतरही वेळेआधी बाळंत होण्याचा धोका थोडा जास्त राहतो, त्यामुळे सहाव्या-सातव्या महिन्यात पोट अधूनमधून घट्ट होतंय असं वाटलं तर अंगावर काढू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बाळंतपणानंतर पुन्हा तांबी बसवावी का, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. बसवता येते. एकदा दिवस गेले म्हणून ती तुमच्यासाठी कायमची बाद होत नाही. बसवल्यावर चार-सहा आठवड्यांनी ती जागेवर आहे ना, हे एकदा दाखवून घ्या. मन धजत नसेल तर दुसरे उपायही आहेत, आणि त्यातले काही यांच्यासाठीही आहेत.

सोनोग्राफीत काय दिसलं ते कळवा. गर्भ पिशवीत आणि दोरे खाली असतील, तर तांबी काढायची वेळ त्याच दिवशी घेऊन या.